पाणी शुद्ध झाले, हे सिद्ध कोणी केले?

पाण्याच्या प्रश्नावर आपण बायका वर्षानुवर्षे बोलत आलो आहोत. नळाला पाणी किती वेळ येते, रांगेत किती तास जातात, टँकरवाला हंड्यामागे किती घेतो, हे सगळे आपण मोर्चांमध्ये मांडले, वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्यांवर बसून मांडले. गोरेगावच्या मृणाल गोरे यांना लोक 'पाणीवाली बाई' म्हणू लागले ते याच लढ्यामुळे. पाणी मिळणे हा त्या लढ्याचा मुद्दा होता आणि अनेक वस्त्यांत आजही तोच आहे. पण त्याच्या शेजारी आता आणखी एक प्रश्न येऊन उभा राहिला आहे. तो आहे दुसऱ्या पाण्याचा. संडास-मोरीतून वाहून गेलेल्या आणि प्रक्रिया करून पुन्हा वापरात आणलेल्या पाण्याचा.

हा विषय इंजिनियरांचा आहे असे समजून आपण तो बाजूला ठेवतो. पण कुटुंबनियोजनाची इंजेक्शने हाही एके काळी 'डॉक्टरांचा विषय' होता. १९८६ मध्ये स्त्री संघटना नेट-एन इंजेक्शनाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा त्यांनी विचारलेले प्रश्न साधेच होते. चाचणी कोणावर केली? तिला काय सांगितले? दुष्परिणामांची नोंद कोण ठेवते? गर्भजलपरीक्षेच्या गैरवापराविरुद्ध महाराष्ट्रात १९८८ साली कायदा झाला, तोही बायकांनी तंत्रज्ञानाला प्रश्न विचारले म्हणूनच. तेच प्रश्न आता सांडपाण्याच्या यंत्रांना विचारायची वेळ आली आहे, असे मला वाटते.

नवी मुंबईतले दुसरे पाणी

नवी मुंबई हे आखून वसवलेले शहर. सिडकोची स्थापना १९७० ची, महानगरपालिका १९९२ ची. खालापूर तालुक्यातले मोरबे धरण २००२ मध्ये महापालिकेच्या ताब्यात आले आणि स्वतःचे धरण असलेले शहर म्हणून नवी मुंबईचे नाव झाले. सांडपाण्याच्या बाबतीतही हे शहर इतर अनेक शहरांच्या पुढे आहे. वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली येथे मलप्रक्रिया केंद्रे आहेत. त्यांत 'सी-टेक' नावाची पद्धत वापरतात. एकाच टाकीत आळीपाळीने हवा सोडायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचे निवळलेले पाणी काढून घ्यायचे, असे तिचे काम चालते. हे पाणी पुष्कळसे ठाणे खाडीत जाते. काही उद्यानांना आणि रस्त्याकडेच्या झाडांना मिळते.

याच्या पुढची पायरीही झाली आहे. केंद्राच्या अमृत अभियानाखाली कोपरखैरणे आणि ऐरोली येथे दररोज प्रत्येकी २ कोटी लिटर क्षमतेचे आणखी एक शुद्धीकरण उभे राहिले. त्यात पाणी अतिशय बारीक छिद्रांच्या पडद्यांतून गाळतात, त्याला अल्ट्राफिल्ट्रेशन म्हणतात, आणि मग त्यावर अतिनील किरण सोडतात. हे पाणी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एमआयडीसीच्या कारखान्यांसाठी आहे. त्याखेरीज मोठमोठ्या गृहसंकुलांची स्वतःची छोटी केंद्रे असतात. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते आणि त्या मंजुरीच्या अटींत सांडपाण्यावर प्रक्रिया आणि पुनर्वापर येतो. म्हणून अशा इमारतींत दोन नळ-यंत्रणा असतात. एक पिण्याच्या पाण्याची, दुसरी संडासच्या फ्लशची.

इथे आपली भूमिका स्पष्ट असावी. पुनर्वापराला आपला विरोध नाही. कारखान्याच्या बॉयलरला आणि बागेतल्या हिरवळीला धरणाचे पाणी घालणे हा अन्याय आहे, कारण प्रत्येक धरणाखाली कोणाची तरी शेती आणि घरे गेलेली असतात, आणि त्याच शहरात दिघा-तुर्भ्याच्या डोंगराकडेच्या वस्त्यांत बाई अजून हंडे भरते आहे. कारखान्यांनी सांडपाणी वापरून धरणाचे पाणी वाचवावे आणि वाचलेले पाणी त्या वस्त्यांना मिळावे, ही मागणी आपण केलीच पाहिजे. पण पुनर्वापर हवा म्हणताना त्या पाण्यातले रोगजंतू खरोखर निघाले आहेत याचा पुरावाही मागितला पाहिजे. कारण ते पाणी कोणाच्या अंगावर उडते हे आपल्याला माहीत आहे.

हात कोणाचे?

कागदावर लिहिलेले असते: 'उद्यान सिंचन', 'फ्लशिंग', 'औद्योगिक वापर'. या शब्दांत माणूस कुठेच दिसत नाही. बागेत पाइप धरून उभी असते ती ठेकेदाराकडची बागकाम करणारी बाई. हातमोजे मिळतातच असे नाही. उन्हात तोंडावरचा घाम ती त्याच ओल्या हाताने किंवा पदराने पुसते. जवळ साबण नसतो, संडास नसतो; डबा तिथेच झाडाखाली सोडते. फवाऱ्याचे बारीक तुषार श्वासातून आत जातात. तेच कपडे घरी नेऊन मुलांच्या कपड्यांबरोबर धुते.

इमारतीत फ्लशच्या पाण्याने संडास धुणारी, घासणारी बाई घरकामगार असते. तिला दोन नळांतला फरक कोणी सांगितलेला नसतो. सोसायटीचे केंद्र चालवणारा माणूस बहुतेक वेळा एजन्सीचा, कमी पगाराचा, प्रशिक्षण न मिळालेला. खाडीच्या चिखलात उतरून खुबे-शिंपल्या गोळा करणाऱ्या कोळी बाया आहेत. आणि शिंपल्या पाणी गाळून जगतात म्हणून पाण्यातले विषाणू त्यांच्या अंगात साठत जातात. गाळ उपसणारा कामगार आहे. पाण्यातून जे जंतू निघतात त्यांतले पुष्कळसे गाळात जाऊन बसतात. जंताची अंडी तर तिथे महिनोन्महिने टिकतात आणि तो गाळ खत म्हणून पुन्हा बागेत येतो. मैल्याशी ज्यांचे काम जातीने जोडून ठेवले त्यांच्याच घरातली माणसे आजही या साखळीच्या शेवटी उभी आहेत. हाताने मैला साफ करण्याविरुद्ध २०१३ चा कायदा असूनही गटारात गुदमरून माणसे मरतात. ज्या व्यवस्थेला गटारात उतरणारा माणूस दिसत नाही तिला पाइप धरणारी बाई आपोआप दिसेल, असे मानायचे कारण नाही.

'रिपोर्ट नॉर्मल' एवढे पुरते का?

पाणी सुरक्षित आहे का असे विचारले की प्रयोगशाळेचा कागद पुढे येतो. त्यात कोलीफॉर्म नावाच्या जिवाणूंचा आकडा असतो. हे जिवाणू माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतात, म्हणून ते सापडले की पाण्यात विष्ठा मिसळली आहे असे समजते. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतले कोलीफॉर्म १,००० पेक्षा कमी असले पाहिजेत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात ही मर्यादा २३० वर आणली. केंद्राच्या सांडपाणी विषयक २०१३ च्या मार्गदर्शक पुस्तिकेत फ्लशच्या पाण्यात ते अजिबात नसावेत अशी शिफारस आहे. हे आकडे महत्त्वाचेच आहेत. पण या सगळ्यांचा भर जिवाणूंवर आहे, आणि जिवाणू हे क्लोरीनने मरणाऱ्यांपैकी सर्वांत लवकर मरणारे. विषाणू, परजीवी आणि जंताची अंडी यांची गोष्ट वेगळी आहे.

याचा धडा आपल्या देशाला फार मोठ्या किमतीत मिळाला आहे. १९५५ च्या पावसाळ्यानंतर दिल्लीत नजफगढ नाल्याचे सांडपाणी यमुनेत उलटे चढून वजिराबादच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत पोचले. कर्मचाऱ्यांच्या हे लक्षात आले आणि त्यांनी क्लोरीन व तुरटीची मात्रा वाढवली. त्याने जिवाणू मेले. टायफॉइडसारख्या आजारांची लाट आली नाही. पण डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या दोन महिन्यांत शहरात काविळीचे सुमारे २९,३०० रुग्ण झाले. पाणी जिवाणूंच्या बाबतीत सांभाळले गेले होते आणि विषाणू त्यातून निसटला होता. पुढे कळले की ही कावीळ 'हिपॅटायटिस ई' या विषाणूची. हा विषाणू इतरांना आजारी पाडतो आणि बहुतेक जण बरे होतात. गरोदर बाईला मात्र, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तो जिवावर बेततो. दिल्लीच्या त्या साथीतही गरोदर स्त्रियांमधले मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त होते. महाराष्ट्रात २०१२ मध्ये इचलकरंजीत पसरलेली काविळीची साथ याच विषाणूची होती.

मैत्रिणींनो, या माहितीकडे आपण स्त्रिया म्हणून पाहिले पाहिजे. पाण्यातल्या एका विषाणूचा सर्वांत क्रूर घाव गरोदर बाईवर पडतो, आणि पाणी तपासण्याच्या रोजच्या कागदात त्या विषाणूचे नावही नसते.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. १९९३ मध्ये मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीमुळे सुमारे ४ लाख लोकांना हगवण लागली. कोलीफॉर्मच्या चाचण्या त्या वेळी समाधानकारक होत्या. या परजीवीला जाड कवच असते, नेहमीच्या क्लोरीनने ते मरत नाही. ते गाळणीत अडकावे लागते, आणि गाळणी त्या दिवसांत नीट काम करत नव्हती.

तिसरी अडचण वेळेची. कोलीफॉर्मच्या तपासणीचा निकाल यायला २४ ते ४८ तास लागतात. तोवर ते पाणी बागेत, फ्लशमध्ये, खाडीत जाऊन पोचलेले असते. कागद हातात येतो तो कालच्या पाण्याचा, आणि तोही कालच्या एका बाटलीचा.

शून्ये पुसण्याचा हिशोब

मग काय तपासायचे? इथे एक हिशोब समजून घेऊ. बचत गटाचे खाते लिहिणाऱ्या आपल्या बायांना तो अवघड नाही.

कच्च्या सांडपाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये, म्हणजे अर्धा पेला पाण्यात, विष्ठेतले जिवाणू १ कोटीपर्यंत असू शकतात. यंत्राने ९९ टक्के जंतू काढले असे जाहिरातीत लिहिले तर ते ऐकायला छान वाटते. पण १ कोटीतले ९९ टक्के गेले तरी १ लाख उरतात. ९९.९ टक्के गेले तरी १०,००० उरतात. म्हणून तज्ज्ञ लोक टक्क्यांत बोलत नाहीत, ते शून्ये मोजतात. ९० टक्के म्हणजे एक शून्य पुसले, ९९ टक्के म्हणजे दोन, ९९.९ म्हणजे तीन. त्यांच्या भाषेत याला 'लॉग' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार सांडपाण्याच्या वापराचे नियोजन याच पद्धतीने करायचे. पाणी कशासाठी वापरणार, ते कोणाच्या पोटात किती जाऊ शकते, हे आधी ठरवायचे आणि त्यावरून किती शून्ये पुसायला हवीत ते काढायचे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात घराच्या फ्लशसाठी आणि बागेसाठी असे पाणी द्यायचे तर विषाणूंची ७ आणि परजीवींची ६ शून्ये पुसली जातात हे दाखवावे लागते. जिवाणू, विषाणू, परजीवी यांचा हिशोब वेगवेगळा मांडावा लागतो, कारण एकाला मारणारी गोष्ट दुसऱ्याला मारीलच असे नसते.

अतिनील किरणांचेच घ्या. क्रिप्टोस्पोरिडियमची ४ शून्ये पुसायला दर चौरस सेंटिमीटरला २२ मिलिज्यूल मात्रा लागते. सर्वांत चिवट विषाणूंची ४ शून्ये पुसायला १८६. हे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे २००६ चे आकडे आहेत. 'आमच्याकडे यूव्ही आहे' एवढे सांगणे म्हणूनच पुरेसे नाही. मात्रा किती? दिवे किती जुने? काचेवर थर साचला आहे का? पाणी गढूळ असेल तर जंतू कणांच्या सावलीत लपून सुटतात. क्लोरीनचेही तसेच. पाण्यात अमोनिया उरला असेल तर क्लोरीन त्यातच अडकतो आणि विषाणूंवर त्याचा जोर उरत नाही. जंताच्या अंड्यांवर तर किरण आणि क्लोरीन दोन्ही जवळपास निष्फळ. ती गाळून किंवा खाली बसवूनच काढावी लागतात.

कुकरची गोष्ट

आता मुख्य मुद्दा. परदेशात याला 'व्हॅलिडेशन' म्हणतात. आपण त्याला यंत्राची सिद्धता म्हणू.

घरात नवा कुकर आणला की आपण काय करतो? पहिल्या एक-दोन वेळा तूरडाळ लावून किती शिट्ट्यांत शिजते ते बघतो. ती झाली कुकरची सिद्धता. मग रोज शिजवताना रिंग सैल नाही ना, वाफ बाजूने निघत नाही ना, शिट्टी नीट होते ना, याकडे कान असतो. ती झाली रोजची देखरेख. आणि शेवटी झाकण काढून दाणा बोटाने चेपून बघतो. ती झाली अखेरची पडताळणी. तिन्ही गोष्टी लागतात. रोज फक्त एक दाणा चेपून पाहायचा आणि तोही जेवणे उरकल्यावर, असे आपण कधी करणार नाही. पाण्याच्या बाबतीत मात्र बाटलीतला नमुना प्रयोगशाळेत पाठवला की काम झाले, असे मानले जाते.

यंत्राची सिद्धता करताना नेमके काय करतात? यंत्रात शिरणाऱ्या पाण्यात निरुपद्रवी पण चिवट असा 'डमी' जंतू मोजून सोडतात. विषाणूंसाठी 'एम.एस.-टू' नावाचा विषाणू वापरतात. तो फक्त जिवाणूंना लागतो, माणसाला नाही. आत किती सोडले, बाहेर किती निघाले, हे मोजतात. पाणी कमी-जास्त असताना, गढूळ असताना, यंत्रावर ताण असताना मोजतात. त्यावरून ठरते की हे यंत्र अमुक परिस्थितीत इतकी शून्ये पुसते. ती परिस्थिती मग लिहून ठेवतात. गढूळपणा इतक्याच्या वर गेला, किरणांची मात्रा इतक्याच्या खाली आली, पडद्याचा दाब इतका उतरला, की पाणी पुढे जाऊ द्यायचे नाही. हे आकडे मीटरवर त्या क्षणी दिसतात, ४८ तास थांबावे लागत नाही. यंत्रात बदल केला की सिद्धता पुन्हा करायची.

व्हिक्टोरिया राज्याने २०१३ मध्ये यासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. तिथे कोणत्याही एका टप्प्याला जास्तीत जास्त ४ शून्यांचेच श्रेय देतात. यंत्र कितीही चांगले असले तरी सगळा भार एकट्यावर टाकायचा नाही, एक टप्पा बिघडला तर दुसरा उभा असला पाहिजे, हा त्यामागचा विचार. बारीक पडद्यांच्या बाबतीत याचे महत्त्व कळते. पडदा शाबूत असेल तर तो विषाणूंनाही अडवू शकतो. पण त्यातल्या हजारो नळ्यांपैकी एखादी तुटली तर? हवेचा दाब देऊन तो टिकतो का हे पाहण्याची चाचणी असते. ती सुमारे ३ मायक्रॉनचे भोक पकडते. हिपॅटायटिस ई चा विषाणू त्याहून सुमारे १०० पट लहान आहे. म्हणून त्याच्यासाठी मागे दुसरा पहारेकरी लागतो आणि तोही सिद्ध झालेला.

सरासरी कोणाची?

या पद्धतीतली एक गोष्ट मला स्त्री चळवळीच्या दृष्टीने फार मोलाची वाटते. सिद्धतेत यंत्राच्या सरासरी कामगिरीला श्रेय मिळत नाही. पुष्कळ मोजण्या करतात आणि त्यांतल्या खालच्या टोकाचा आकडा धरतात. साधारणपणे शंभरातल्या पंचाण्णव वेळा यंत्र ज्याच्या वर राहिले तो. चांगल्या दिवशी यंत्र किती चमकले याला महत्त्व नाही, वाईट दिवशी किती टिकले ते विचारतात.

सरासरीने आपला किती घात केला आहे हे आपण जाणतो. घरात दर माणशी दूध पुरेसे आहे असे सरासरी सांगते. सुनेच्या वाट्याला ते येते का, हे सांगत नाही. दरडोई पाणी पुरेसे आहे असे सरासरी सांगते; त्यातले किती डोक्यावरून वाहिले जाते हे सांगत नाही. तसेच पाणी 'सर्वसाधारण नागरिकासाठी सुरक्षित' असते तेव्हा तो नागरिक कोण असतो? निरोगी, पोट भरलेला, बागेत अर्धा तास फिरून घरी जाऊन साबणाने हात धुणारा. तिथे आठ तास पाइप धरणारी, रक्त कमी असलेली, सातव्या महिन्यातही कामावर येणारी बाई त्या सरासरीत बसत नाही. जो खालचा आकडा यंत्रासाठी धरतात तोच माणसांसाठीही धरावा, असे माझे म्हणणे आहे. हिशोब मांडताना ही बाई समोर ठेवून मांडला, तर बाकी सगळे आपोआप सुरक्षित राहतील.

आक्षेप येतील

पहिला आक्षेप: हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत, आपल्याला परवडणार नाहीत. पण ज्या प्रकल्पावर कोट्यवधी रुपये खर्च होतात त्याची निविदा काढतानाच सिद्धतेची अट घालता येते. पूल बांधल्यावर त्यावर वजन ठेवून बघतात, त्याला कोणी चोचले म्हणत नाही. सगळ्याच पाण्याला सारखी कडक अट लावा असेही आपले म्हणणे नाही. बंद नळीतून कारखान्याच्या कूलिंगला जाणाऱ्या पाण्याला एक माप, बागेत फवारायच्या पाण्याला दुसरे. तिथे ठिबक लावले, माणसे नसताना पाणी सोडले, तरी धोका कमी होतो आणि तोही हिशोबात धरता येतो.

दुसरा आक्षेप: तुम्ही लोकांच्या मनात भीती घालता, मग पुनर्वापर बंद पडेल. मला उलटे वाटते. नेदरलँड्समध्ये उट्रेख्त शहराच्या लाइडशे राइन भागात घरांना दोन नळ दिले होते. २००१ मध्ये एका चुकीच्या जोडणीमुळे अर्धवट शुद्ध केलेले पाणी पिण्याच्या नळात शिरले, लोक आजारी पडले, आणि पुढे २००३ मध्ये सरकारने अशा मोठ्या योजनाच बंद केल्या. योजना बुडाली ती निष्काळजीपणामुळे. लोकांचा विश्वास एकदा गेला की चांगले पाणीही कोणी घेत नाही.

तिसरा आक्षेप थोडा खरा आहे. रेल्वे रुळांलगत नाल्याच्या पाण्यावर पालक-माठ पिकतोच, मग प्रक्रिया केलेल्या पाण्याबद्दल एवढी चौकशी कशाला? तो पालक पिकवणारे हात आणि तो स्वस्त म्हणून विकत घेणारे घर, दोन्ही गरिबांचीच. एक धोका आधीच पत्करावा लागतो म्हणून दुसराही निमूट पत्करावा, हा तर्क आपण इतर कुठल्या बाबतीत मानत नाही, इथेही मानू नये. उलट चांगले, सिद्ध झालेले पाणी त्या मळ्यांनाही द्या, अशी मागणी करता येईल.

आपण काय विचारायचे

माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आपल्या हातात आहे. महापालिका दरवर्षी पर्यावरण स्थिती अहवाल काढते. सोसायटीच्या सभेत प्रश्न विचारायला तर अर्जही लागत नाही. आपापल्या भागातल्या गटांनी पुढील गोष्टी विचाराव्यात असे सुचवते.

१. आमच्या भागातल्या केंद्राचे पाणी नेमके कुठे-कुठे वापरले जाते आणि ते हाताळणारे लोक कोण आहेत, त्यांत बायका किती?

२. विषाणू, जिवाणू, परजीवी आणि जंताची अंडी यांची किती शून्ये पुसली जातात असे केंद्राचे म्हणणे आहे? ते कधी, कोणी, कशाने सिद्ध केले? चाचणी याच यंत्रावर केली की कंपनीच्या पुस्तिकेतला आकडा उचलला?

३. गढूळपणा, किरणांची मात्रा, क्लोरीन, पडद्याचा दाब यांच्या मर्यादा काय? मर्यादा ओलांडली की पाणी आपोआप थांबते की कोणाला फोन करावा लागतो? वीज गेल्यावर काय होते? मागच्या वर्षात पाणी किती वेळा थांबवले?

४. पिण्याच्या आणि फ्लशच्या नळांचा रंग वेगळा आहे का? जोडण्या शेवटच्या कधी तपासल्या?

५. बागकामगार, सफाई कामगार, घरकामगार यांना हे पाणी कोणते आहे हे मराठीत आणि हिंदीत सांगितले आहे का? हातमोजे, बूट, साबण, हात धुवायला चांगले पाणी, कपडे बदलायला जागा आणि संडास आहे का? ठेकेदाराच्या करारात हे लिहिले आहे का?

६. गरोदर कामगाराला पगार न कापता दुसरे काम देण्याची सोय आहे का?

७. गाळ कुठे जातो आणि खत म्हणून देण्याआधी त्यातली जंताची अंडी तपासतात का?

यांतल्या पाचव्या आणि सहाव्या मागणीसाठी कोणत्याही यंत्राच्या सिद्धतेची वाट पाहायची गरज नाही. त्या उद्यापासून करता येतात, आणि कामगार संघटनांनी त्या आपल्या मागणीपत्रात घ्याव्यात.

कोणी म्हणेल की या तांत्रिक उत्तरांतून आपल्या बायांना काय कळणार? माझा अनुभव असा की शून्ये पुसण्याचा हिशोब फळ्यावर मांडला आणि कुकरचे उदाहरण दिले की दहाव्या मिनिटाला बाया स्वतः प्रश्न विचारू लागतात. न कळण्याची भीती बहुतेक वेळा सांगणाऱ्याने निर्माण केलेली असते. एखाद्या केंद्राला गटाने मिळून भेट द्यावी, मीटर पाहावेत, नोंदवही उघडायला सांगावी. जे केंद्र नीट चालते त्याला ती उघडायला अडचण वाटणार नाही, आणि तिथल्या ऑपरेटरलाही आपले काम कोणी समजून घेत आहे याचे बरे वाटेल.

आपापल्या भागात हे प्रश्न विचारल्यावर काय उत्तरे मिळतात, कोणते उत्तर टाळले जाते, हे गटांनी या अंकाच्या पत्त्यावर जरूर कळवावे. ती उत्तरे एकत्र मांडली की पुढची पावले काय असावीत हे आपल्याला मिळून ठरवता येईल.